राडोंडा वॉट प्रकरण: चुकीची व्हायल, एकटी सोडलेली रुग्ण आणि गप्प राहिलेलं रुग्णालय

परिचारिकांच्या प्रशिक्षणात औषधांच्या चुकांचा विषय निघाला की आता राडोंडा वॉट हे नाव हमखास येतं. बहुतेक वेळा ते दोन वाक्यांत उरकलं जातं. तिने औषधांच्या कपाटाचा अडसर ओलांडून भलतंच औषध काढलं, रुग्ण दगावली आणि कोर्टाने तिला दोषी ठरवलं. यात खोटं काहीच नाही. पण इतकंच सांगून थांबलं, तर या प्रकरणातली सगळ्यात गंभीर कसूर नजरेआड होते आणि सगळ्यात मोठा अन्यायही. म्हणून हे प्रकरण एकेक पायरी धरून सावकाश पाहायला हवं.

काय घडलं

रुग्ण ७५ वर्षांच्या एक बाई होत्या. मेंदूतल्या रक्तस्रावामुळे २४ डिसेंबर २०१७ रोजी त्यांना अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात, नॅशव्हिलच्या व्हँडरबिल्ट युनिव्हर्सिटी मेडिकल सेंटरमध्ये दाखल केलं होतं. दोन दिवसांत त्यांची तब्येत सुधारू लागली. न्यूरो आयसीयूतून त्यांना बाहेर हलवण्याचा विचार सुरू होता. त्याआधी एक पेट स्कॅन, म्हणजे यंत्राच्या नळीत झोपवून करायची शरीराची तपासणी, तेवढी करून घ्यायची होती. बाईंना बंद जागेची भीती वाटायची. स्कॅनच्या नळीत त्या घाबरू नयेत म्हणून डॉक्टरांनी थोडंसं शामक लिहून दिलं. औषध होतं मिडॅझोलाम, म्हणजे वॉर्डात सगळे ज्याला व्हर्सेड या ब्रँडच्या नावाने ओळखत ते.

बाईंची नेहमीची परिचारिका तेव्हा दुसरीकडे अडकलेली होती. राडोंडा वॉट त्या दिवशी ‘हेल्प-ऑल’ म्हणून काम करत होती. तिच्याकडे स्वतःचे ठरलेले रुग्ण नव्हते. जिथे हात कमी पडेल तिथे धावून जायचं, हे तिचं काम. शिवाय एक नवी परिचारिका शिकण्यासाठी तिच्यासोबत होती. स्कॅन विभागात जाऊन एवढं इंजेक्शन देऊन ये, असं तिला सांगितलं गेलं.

औषधं एका संगणकीय कपाटातून काढावी लागत. रुग्णाचं नाव निवडायचं, त्याच्यासाठी मंजूर झालेली औषधं पडद्यावर येतात, हवं ते निवडलं की तेवढाच खण उघडतो. मिडॅझोलामची ऑर्डर फार्मसीने तपासून मंजूर केली होती आणि ते बाईंच्या यादीत आलेलंही होतं. वॉटने शोधलं मात्र व्हर्सेड. ‘व्ही’ आणि ‘ई’ ही दोन अक्षरं तिने टाइप केली. कपाट जेनेरिक, म्हणजे ब्रँडऐवजी औषधाच्या मूळ नावाने शोधत होतं, त्यामुळे यादीत काही दिसलं नाही. तिने ओव्हरराइड केलं, म्हणजे फार्मसीच्या मंजुरीची वाट न पाहता कपाटातल्या एकूण साठ्यातून औषध काढण्याची सोय वापरली. पुन्हा तीच दोन अक्षरं टाकली आणि पहिलं आलेलं नाव निवडलं. ते होतं व्हेक्युरोनियम.

व्हेक्युरोनियम हे शामक नाही. भूल देताना किंवा रुग्णाला व्हेंटिलेटरवर घेताना शरीराचे स्नायू पूर्ण सैल पाडण्यासाठी ते वापरतात. काही मिनिटांत श्वासाचे स्नायूही थांबतात. रुग्णाची शुद्ध मात्र त्याने जात नाही. कृत्रिम श्वासाची तयारी हाताशी असल्याशिवाय ते कुणालाही देत नाहीत.

स्कॅन विभागात बारकोड वाचायचं यंत्र नव्हतं. वॉटने इंजेक्शन दिलं आणि शिकाऊ परिचारिकेला घेऊन ती इमर्जन्सी विभागातल्या दुसऱ्या एका रुग्णाची गिळण्याची तपासणी करायला निघून गेली. बाई स्कॅनपूर्वीच्या प्रतीक्षेच्या जागेत एकट्या पडून राहिल्या. त्यांना मॉनिटर लावलेला नव्हता. तंत्रज्ञांना त्या कॅमेऱ्यातून दिसत होत्या, पण छाती वरखाली होते आहे की नाही हे त्या चित्रावरून कळत नव्हतं. जवळजवळ अर्ध्या तासाने रुग्णांची ने-आण करणाऱ्या कर्मचाऱ्याच्या लक्षात आलं की बाई श्वास घेत नाहीत. कोड ब्लू, म्हणजे हृदय किंवा श्वास थांबल्याचा तातडीचा इशारा झाला, हृदय पुन्हा सुरू झालं, पण तोवर मेंदू निकामी झाला होता. दुसऱ्या दिवशी, २७ डिसेंबरला, कृत्रिम आधार काढल्यावर त्यांचा मृत्यू झाला.

या घटनाक्रमात आणखी एका परिचारिकेचं काम आवर्जून सांगायला हवं. धावपळ सुरू असताना उरलेल्या औषधाची पिशवी एका सहकारी परिचारिकेच्या हाती आली. तिने ती टाकून दिली नाही. व्हायलवरचं, म्हणजे औषधाच्या छोट्या बाटलीवरचं नाव वाचलं आणि वॉटला विचारलं, तू हेच दिलंस का? तिने नाव वाचलं नसतं, तर रक्तस्राव वाढून बाईंचा श्वास थांबला असं सगळ्यांनी धरून चाललं असतं आणि खरं कारण कधीच कळलं नसतं. त्या प्रश्नानंतर वॉटने क्षणभरही लपवाछपवी केली नाही. तिथल्या डॉक्टरांना आणि वरिष्ठांना तिने लगेच सांगितलं की आपल्या हातून चुकीचं औषध गेलं आहे.

ओव्हरराइडचा मुद्दा

खटल्यात सरकारी पक्षाने ओव्हरराइडवर बराच भर दिला. परिचारिकेने सुरक्षेची भिंत जाणूनबुजून ओलांडली, असं चित्र त्यातून उभं राहतं. मला हा भर चुकीचा वाटतो. ओव्हरराइडची सोय कपाटात मुद्दाम ठेवलेली असते, कारण रुग्ण समोर गुदमरत असताना मंजुरी येईपर्यंत थांबता येत नाही. व्हँडरबिल्टमध्ये त्याच सुमारास नवी संगणकीय नोंदप्रणाली सुरू झाली होती आणि कपाट, फार्मसी व रुग्णाची नोंद यांचा मेळ नीट बसत नव्हता. ओव्हरराइड हा तेव्हा रोजच्या कामाचा भाग झाला होता, असं वॉटने सांगितलं आणि तिथल्या परिस्थितीबद्दलच्या साक्षींतूनही तेच पुढे आलं. जी गोष्ट संस्था रोज चालवून घेते, तीच एका दिवशी एका परिचारिकेचा गुन्हा म्हणून पुढे करायची, हे न्यायाला धरून नाही.

तरीही एक गोष्ट राहतेच. ओव्हरराइड केल्यावर फार्मासिस्टची दुसरी नजर नाहीशी होते. म्हणजे त्या नजरेचं कामही आता औषध काढणाऱ्याच्या अंगावर येतं. ओव्हरराइड करणं ही चूक नव्हे. पण ते केल्यावर दुप्पट सावध राहावं लागतं. इथे ती सावधगिरी दिसत नाही.

व्हायल हातात आल्यावर

मिडॅझोलाम द्रवरूपात येतं. व्हायल उघडायची, सिरिंजमध्ये ओढायची आणि द्यायची. व्हेक्युरोनियम येतं पांढऱ्या भुकटीच्या रूपात. त्यात द्रव घालून, हलवून, विरघळवून घ्यावं लागतं. व्हायलच्या झाकणावर ठळक इशारा छापलेला असतो की हे औषध स्नायू लुळे पाडतं. सिरिंजची सुई आत घालायची तर त्या झाकणाकडे पाहिल्याशिवाय भागत नाही.

वॉटने भुकटी पाहिली. औषध विरघळवायचं आहे हे तिच्या लक्षात आलं आणि ते कसं करायचं हे वाचण्यासाठी तिने व्हायल फिरवून मागची बाजू पाहिली. म्हणजे तिने लेबल वाचलं, फक्त त्यावरचं नाव वाचलं नाही. तिचं मन शिकाऊ परिचारिकेशी चाललेल्या बोलण्यात होतं, पुढच्या तपासणीत होतं. नर्सिंग बोर्डापुढे तिने स्वतः हेच सांगितलं: माझं लक्ष विचलित झालं होतं, मी गाफील राहिले, औषध पुन्हा तपासलं नाही.

योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ हे पाच नियम प्रत्येक परिचारिकेला पहिल्या वर्षापासून तोंडपाठ असतात. पण तोंडपाठ असणं निराळं आणि हात थांबणं निराळं. अनुभवी परिचारिकेचा हात डोक्याच्या पुढे धावतो. आपण जे शोधत होतो तेच हाती आलं आहे असं मन आधीच ठरवून टाकतं आणि मग डोळ्यांना समोरचं नावही वेगळं दिसत नाही. म्हणूनच औषध काढताना, तयार करताना आणि देण्याआधी असं तीनदा नाव वाचायचा शिरस्ता आहे. पहिल्या वाचनात मनाची फसगत झाली तरी दुसऱ्या किंवा तिसऱ्या वाचनात ती सापडावी, हा त्यामागचा हेतू.

मला या टप्प्यावर सगळ्यात महत्त्वाची वाटते ती भुकटी. नेहमी द्रव असणारं औषध आज भुकटी का आहे, हा प्रश्न मनात उठायला हवा होता. नेहमीपेक्षा काहीतरी वेगळं दिसलं की हातातलं काम तिथेच सोडून विचारायचं, ही सवय पाच नियमांच्या कुठल्याही तक्त्यात लिहिलेली नसते. वॉर्डातल्या ज्या सिस्टरांच्या हाताखाली शिकावंसं वाटतं, त्यांच्यात ती हटकून असते. गोळीचा रंग बदलला, मात्रा पूर्ण करायला चार व्हायल लागायला लागल्या, सिरिंजमधलं औषध गढूळ दिसलं की त्या थांबतात. मागे रांग असली तरी थांबतात. कायद्याच्या भाषेत ‘समंजस परिचारिकेने त्या परिस्थितीत काय केलं असतं’ हा जो मापदंड लावला जातो, त्याचं प्रत्यक्षातलं रूप हेच असतं. वॉटची इथली कसूर खरी आहे आणि तिनेही ती नाकारलेली नाही.

खाटेजवळ थांबणं

आता ज्या मुद्द्याकडे चर्चेत फारसं कुणी वळत नाही, तो घेऊ. समजा वॉटने बरोबर औषध काढलं असतं. व्हायलमध्ये मिडॅझोलामच असतं. तरीसुद्धा इंजेक्शन देऊन ती निघून गेली, ही गोष्ट चुकीचीच ठरली असती.

मिडॅझोलामच्या माहितीपत्रकात चौकटीत ठळक इशारा असतो की या औषधाने श्वास मंदावू शकतो, थांबूही शकतो. ते शिरेतून देताना श्वास आणि हृदय यांवर सतत लक्ष हवं. वय जास्त असलं तर हा धोका वाढतो. आणि ही रुग्ण ७५ वर्षांची होती, दोन दिवसांपूर्वी मेंदूत रक्तस्राव झालेली. अशा रुग्णाला शामक दिल्यावर बोटाला पल्स ऑक्सिमीटर लावायचा, नाव घेऊन हाक मारायची, छातीची हालचाल बघायची. हे सारं औषध देण्याच्या कामातच मोडतं. सुई बाहेर काढली म्हणजे औषध देऊन झालं, ही समजूत वॉर्डावर फार खोल रुजलेली आहे आणि ती घातक आहे. औषधाचा परिणाम दिसून रुग्ण ठीक आहे याची खात्री होईपर्यंत औषध देणं संपत नाही.

म्हणून माझ्या मते या प्रकरणातली सगळ्यात गंभीर कसूर कपाटाजवळ घडलेली नाही. ती खाटेजवळ घडली. चुकीची व्हायल हाती येणं हा माणसाच्या मेंदूचा दोष आहे, तो कितीही काळजी घेतली तरी शून्यावर येणार नाही. पण वॉट दहा मिनिटं तिथे थांबली असती, तर बाईंचा श्वास उथळ होताना तिला दिसला असता. मदत बोलावता आली असती, अँब्यू बॅगने, म्हणजे हाताने दाबायच्या फुग्याने श्वास देता आला असता. व्हेक्युरोनियमचा परिणाम उतरेपर्यंत कृत्रिम श्वास दिला तर माणूस वाचू शकतो. भूलतज्ज्ञ शस्त्रक्रियेच्या टेबलावर हेच तर रोज करतात. चूक झाली तरी ती जिवावर बेतू नये म्हणून निरीक्षण असतं. इथे तेच नव्हतं.

तिला तसं थांबायला सवड होती का, हा प्रश्न रास्त आहे. तिला पुढच्या कामाला पाठवलेलं होतं. स्कॅन विभागात शामक दिलेल्या रुग्णावर लक्ष कुणी ठेवायचं, हे कुणीच स्पष्ट केलेलं नव्हतं. आयसीयूला वाटलं स्कॅनवाले पाहतील, स्कॅनवाल्यांना वाटलं आयसीयूची सिस्टर पाहील. दोन विभागांच्या सीमेवर रुग्ण असा पोरका होतो, हे काही एकाच रुग्णालयात घडत नाही. व्यवस्थेचा हा दोष मोठा आहे. पण ज्या हाताने औषध दिलं, त्याच्यावर निदान एवढी जबाबदारी येतेच: माझ्यानंतर या रुग्णाकडे कोण बघणार आहे, हे नावानिशी विचारल्याशिवाय तिथून हलायचं नाही. थांबणं शक्य नसेल तर सोपवून जायचं. सोपवायला कुणी नसेल तर शामक द्यायचं नाही आणि तसं डॉक्टरांना कळवायचं. ‘मी हे आत्ता सुरक्षितपणे देऊ शकत नाही’ असं म्हणण्याचा परिचारिकेला अधिकार आहे. उलट ते तिचं कर्तव्यच आहे. ते म्हणायला धीर लागतो, आणि तो धीर दाखवणाऱ्या परिचारिकेला आडमुठी ठरवणारे वरिष्ठ फार असतात.

नोंद

व्हेक्युरोनियम दिल्याची नोंद बाईंच्या औषधपत्रकात झाली नाही. नवी प्रणाली आपोआप ती घेईल, असं वॉटला सांगितलं गेलं होतं, हे तिचं म्हणणं. ते खरं मानलं तरी अशा वेळी नोंद यंत्रावर सोडू नये. काय दिलं, किती, केव्हा, कधी लक्षात आलं, कुणाला सांगितलं, हे आपल्या हाताने, वेळेसह, कारणमीमांसा न करता लिहून ठेवावं. पुढचा डॉक्टर उपचार ठरवतो त्या नोंदीवरून, आणि वर्षांनंतर चौकशी झाली तर परिचारिकेच्या बाजूने बोलणारी वस्तूही तीच असते.

रुग्णालयाने काय केलं

जानेवारी २०१८मध्ये रुग्णालयाने वॉटला कामावरून काढलं. त्यानंतर जे घडलं, ते वाचताना संताप येतो.

असा अनपेक्षित मृत्यू राज्याच्या आरोग्य विभागाला कळवणं बंधनकारक होतं. तो कळवला गेला नाही. मृत्यूची कारणं तपासणाऱ्या वैद्यकीय अधिकाऱ्याला जी माहिती गेली, तिच्यात मेंदूतला रक्तस्राव पुढे होता. चुकीच्या औषधाची बाब ठामपणे सांगितली गेली नाही, त्यामुळे मृत्यू नैसर्गिक ठरला. मृत्यूच्या दाखल्यावरही तेच आलं. कुटुंबाशी कोर्टाबाहेर समझोता झाला आणि त्यात गुप्ततेची अट होती. पुढचे कित्येक महिने या घटनेचा बाहेर कुणाला पत्ता नव्हता.

२०१८च्या ऑक्टोबरमध्ये एका निनावी तक्रारीवरून केंद्रीय आरोग्य यंत्रणेचे तपासनीस रुग्णालयात येऊन धडकले. नोव्हेंबरमध्ये त्यांचा अहवाल जाहीर झाला आणि सुधारणा केल्या नाहीत तर सरकारी विम्याचे पैसे थांबवले जातील अशी तंबी रुग्णालयाला मिळाली. रुग्णालयाने सुधारणेचा आराखडा दिला आणि ते प्रकरण तिथे मिटलं. फेब्रुवारी २०१९मध्ये अटक झाली ती वॉटला. मृत्यूच्या दाखल्यावरचं कारण बदलून ‘अपघाती’ केलं गेलं तेही २०१९मध्येच. रुग्णालयावर किंवा त्याच्या कुठल्याही अधिकाऱ्यावर फौजदारी गुन्हा दाखल झाला नाही.

दोन वागणुका शेजारी ठेवून पाहा. परिचारिकेला चूक कळली तेव्हा तिने त्याच तासात सांगितली. संस्थेला चूक कळली होती, तरी जिथे सांगणं कायद्याने भाग होतं तिथे ती बोलली नाही. आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहिली ती सांगणारी.

नर्सिंगच्या नीतिशास्त्रात सत्य सांगणं हे रुग्णाच्या हक्काशी जोडलेलं आहे. चुकीचं औषध गेलं हे रुग्णाला किंवा त्याच्या घरच्यांना कळायलाच हवं. त्यांना ते पचवायचं असतं, पुढचे निर्णय घ्यायचे असतात. वॉर्डातली परिचारिका हे काम एकटी करू शकत नाही, तिला संस्थेची साथ लागते. संस्थेने तोंड फिरवलं तर पुढच्या खेपेला तिथल्या इतर परिचारिका काय करतील, याचा अंदाज बांधायला फार हुशारी लागत नाही.

परवाना आणि तुरुंग

वॉटवर दोन वेगळ्या वाटांनी कारवाई झाली आणि त्या दोन्ही नीट वेगळ्या ठेवायला हव्यात.

पहिली वाट परवान्याची. टेनेसीच्या आरोग्य विभागाने आधी २०१८मध्ये कारवाईची गरज नाही असं ठरवलं होतं. प्रकरण गाजल्यावर २०१९मध्ये तो निर्णय फिरवला आणि जुलै २०२१मध्ये नर्सिंग बोर्डाने तिचा परवाना रद्द केला. परवाना मंडळाचं काम लोकांचं रक्षण करणं. या परिचारिकेच्या हाती पुन्हा रुग्ण सोपवता येईल का, एवढंच त्याने ठरवायचं असतं. कायमचा परवाना काढण्याऐवजी काही काळ निलंबन आणि देखरेखीखाली पुनर्प्रशिक्षण मला अधिक योग्य वाटलं असतं, पण मंडळाने हा प्रश्न हाताळणं रास्तच होतं. आधी ‘काही नाही’ आणि मग ‘सगळंच’ अशी उडी मात्र मंडळावरचा विश्वास कमी करते.

दुसरी वाट फौजदारी कोर्टाची. आरोप दोन होते: बेदरकारपणे मृत्यू घडवणं आणि असहाय व्यक्तीची गंभीर हयगय. २५ मार्च २०२२ला ज्यूरीने बेदरकारपणाचा आरोप मान्य केला नाही. त्याऐवजी त्याखालचा, म्हणजे फौजदारी स्वरूपाच्या निष्काळजीपणामुळे मृत्यू घडवल्याचा गुन्हा शाबीत धरला. हयगयीचा आरोपही सिद्ध झाला. फरक बारीक दिसतो, पण परिचारिकांसाठी तो फार महत्त्वाचा आहे. बेदरकार तो, ज्याला धोका ठाऊक असतो आणि तरी तो पर्वा करत नाही. टेनेसीच्या कायद्यात फौजदारी निष्काळजीपणासाठी धोका ठाऊक असण्याची गरज नाही. तो ठाऊक असायला हवा होता आणि न कळणं हे सामान्य काळजीच्या फारच खाली घसरलेलं होतं, एवढं पुरतं. म्हणजे वॉटला धोका ठाऊक होता आणि तिने पर्वा केली नाही, हे ज्यूरीने मान्य केलं नाही, आणि तरीही ती गुन्हेगार ठरली.

इथेच जगभरच्या परिचारिका हादरल्या. नजरचूक म्हणजे मुळात न कळणंच. न कळण्यालाच गुन्हा मानायचं ठरवलं, तर थकलेल्या, घाईत असलेल्या कुठल्याही परिचारिकेची नजरचूक त्यात बसवता येते. अमेरिकन नर्सेस असोसिएशनने निकालानंतर म्हटलं की यामुळे घातक पायंडा पडतो आणि चुका प्रामाणिकपणे सांगण्यावर परिणाम होईल. शिक्षेच्या दिवशी, १३ मे २०२२ला, अनेक परिचारिका नॅशव्हिलच्या कोर्टाबाहेर जमल्या होत्या. न्यायाधीशांनी तुरुंगाऐवजी तीन वर्षांची देखरेखीखालची परिवीक्षा (प्रोबेशन) दिली. ती नीट पार पडली तर गुन्ह्याची नोंद पुसली जाण्याची मुभा ठेवली. मृत बाईंच्या मुलाने कोर्टात सांगितलं की माझी आई क्षमाशील होती, या परिचारिकेला तुरुंगात पाठवलेलं तिला आवडलं नसतं.

औषधांच्या सुरक्षेबाबत काम करणारे लोक चुकांचे तीन प्रकार करतात. पहिला प्रकार नजरचुकीचा. त्यात माणसाला सावरायचं आणि व्यवस्था दुरुस्त करायची. दुसरा प्रकार सवयीने अंगवळणी पडलेल्या धोकादायक पळवाटांचा. तिथे माणसाला समजावून शिकवायचं आणि ती पळवाट का घ्यावी लागते ते शोधायचं. तिसरा प्रकार जाणूनबुजून केलेल्या बेपर्वाईचा, आणि शिक्षा फक्त तिथे. या पट्टीने मोजलं तर व्हायलवरचं नाव चुकणं पहिल्यात बसतं. ओव्हरराइड आणि शामक देऊन निघून जाणं दुसऱ्यात. तिसऱ्यात बसेल असं मला या प्रकरणात काही सापडत नाही. नुकसानभरपाई, खात्याची कारवाई, परवान्यावरची बंधनं, हे सगळं योग्य होतं. फौजदारी खटला योग्य नव्हता.

आपल्याकडचा कायदा

भारतात काय झालं असतं, हा प्रश्न मराठी वाचकाच्या मनात येणारच. जेकब मॅथ्यू विरुद्ध पंजाब राज्य या २००५च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की वैद्यकीय व्यावसायिकाला फौजदारी दोषी धरायचं तर निष्काळजीपणा अतिशय गंभीर असला पाहिजे. साधी चूक किंवा निर्णयातला अंदाज चुकणं पुरेसं नाही. हा दिलासा आहे. पण १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६मध्ये एक बाब आहे, जिच्यावर परिचारिकांच्या संघटनांनी बोलायला हवं. निष्काळजीपणाने मृत्यू झाल्यास कमाल शिक्षा पाच वर्षं आहे. नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाकडून उपचारादरम्यान तसं झालं तर दोन वर्षं. आणि हा ‘नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिक’ म्हणजे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कायद्याखाली नोंद असलेला डॉक्टर, असं त्याच कलमात स्पष्ट केलं आहे. परिचारिकेची नोंदणी नर्सिंग परिषदेकडे असते, त्यामुळे त्या शब्दांत ती बसत नाही. जुन्या दंड संहितेत दोघांनाही कमाल दोनच वर्षं होती. एकाच खाटेपाशी, एकाच उपचारात, डॉक्टरच्या हातून घडलेल्या चुकीपेक्षा परिचारिकेच्या चुकीला जास्त शिक्षा असण्याचं कुठलंही समर्थन मला दिसत नाही.

नंतर काय बदललं

औषधसुरक्षेवर काम करणाऱ्या ‘इन्स्टिट्यूट फॉर सेफ मेडिकेशन प्रॅक्टिसेस’ची शिफारस आहे की कपाटात औषध शोधताना नावाची निदान पाच अक्षरं टाकल्याशिवाय यादी उघडू नये. पाच अक्षरं टाकावी लागली असती तर व्हर्सेड शोधताना व्हेक्युरोनियम समोर आलंच नसतं. स्नायू लुळे पाडणारी औषधं सर्वसाधारण साठ्यात न ठेवता वेगळ्या, सीलबंद, ठळक खुणेच्या पेटीत ठेवणं हाही असाच उपाय. यातल्या कशालाही मोठा खर्च लागत नाही आणि यातलं काहीही एकटी परिचारिका ठरवू शकत नाही.

२०२४मध्ये टेनेसीला लागून असलेल्या केंटकी राज्याने कायदा केला. आरोग्यसेवा देताना झालेल्या चुकीबद्दल आरोग्य कर्मचाऱ्यांवर फौजदारी खटला भरता येणार नाही. अतिशय गंभीर निष्काळजीपणा आणि हेतुपुरस्सर किंवा बेपर्वा गैरवर्तन यांना यातून वगळलं आहे. दिवाणी दावा आणि परवान्याची चौकशी या वाटा खुल्याच आहेत. चूक सांगणाऱ्या परिचारिकेला निदान एवढं संरक्षण मिळावं, अशी मागणी आपल्याकडेही करता येईल. तिच्यासोबत आणखी एक मागणी जोडायला हवी: चूक कळवण्याची जी सक्ती परिचारिकेवर आहे तीच रुग्णालयाच्या व्यवस्थापनावरही असावी, आणि ती मोडणाऱ्यावर नावानिशी कारवाई व्हावी.